'घर मिळाले की खाली करतो' : या शब्दाला तारीख लावून घ्या

गेल्या महिन्यात बाजारच्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक जरा कमी झाले तेव्हा वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण आमच्या दुकानात येऊन बसला. कापड घ्यायचे नव्हते. खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने आमच्यासमोर ठेवला. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेली, नोटरी केलेली ती इसार पावती होती. जामखेडातच एक घर त्याने १६ लाखांना ठरवले होते. पुढे रस्त्याला लागून जागा, मागे तीन खोल्या. वर्कशॉपही तेथेच करता येईल म्हणून घर पसंत पडले. आठ महिन्यांपूर्वी ४ लाख बयाना दिला. घरमालक चांगला माणूस आहे, पैसे घेतल्याचे नाकारत नाही, भावही वाढवून मागत नाही. फक्त एकच वाक्य सांगतो, "मला दुसरे घर मिळाले की लगेच खाली करतो."

"चाचा, ते वाईट नाहीत. पण माझ्या भाड्याच्या जागेचा मालक आता जागा मागतो आहे. मशीन कुठे नेऊ? आणि चार लाख तिकडे अडकले, तर लोखंड कशाने भरू?" त्याने विचारले.

आम्ही कागद दोनदा वाचला. चतुःसीमा होत्या, रक्कम होती, साक्षीदारांच्या सह्या होत्या. तारीख मात्र एकच होती, पैसे दिल्याची. घर खाली करण्याची तारीख कोठेच नव्हती. तेथे लिहिले होते, 'लिहून देणार यांना अन्य घर मिळाल्यानंतर ताबा देण्यात येईल.'

त्या तरुणाला आम्ही जे सांगितले तेच या पानावर सविस्तर लिहीत आहोत. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांचे दुकान आणि घर एकच असते. म्हणून घराचा व्यवहार लांबला की आपला धंदाही लांबतो. नोकरदाराला फक्त घर मिळण्यास उशीर होतो. आपल्याला घराला उशीर होतो आणि भांडवलही अडकते.

आमच्यावर आलेला प्रसंग

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. करार, मुदत, ताबा, वारस, दस्त हे शब्द आम्हाला लहानपणापासून माहीत. परंतु या शब्दांची खरी किंमत आम्हाला घर घेताना कळली.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका निवृत्त गृहस्थांचे घर ९ लाखांना ठरवले. त्यांना आम्ही काका म्हणत असू. ३ लाख बयाना दिला. ते म्हणाले, "मुलीच्या घराजवळ एखादे लहान घर बघतो, मिळाले की चावी तुमच्या हातात." आम्ही म्हणालो, "काका, सावकाश बघा." कागदावर तारीख घालणे म्हणजे वडीलधाऱ्या माणसावर अविश्वास दाखवणे, असे आम्हाला त्या वेळी वाटले.

सहा महिने गेले. काकांना एक घर आवडले तर काकूंना पायऱ्या जमेनात. दुसरे आवडले तर त्याचे कागद नीट नव्हते. तिसऱ्याचा भाव हाताबाहेर होता. तोवर गावात घरांचे भाव चढले. जे घर काकांना आमच्या पैशात मिळाले असते, ते मिळेनासे झाले. मग त्यांना वाटू लागले की आपण आपले घर स्वस्तात दिले. चौदाव्या महिन्यात त्यांनी १ लाख वाढवून मागितले. मध्यस्थी होऊन ५० हजारांवर मिटले.

यात काकांची नियत खराब नव्हती, हे आम्ही आजही सांगतो. पण त्या चौदा महिन्यांत आमचे काय झाले ते पाहा. लग्नसराईचा माल भरण्यासाठी आम्ही दरवर्षी इचलकरंजी, मालेगाव आणि सुरतेचा माल रोखीने घेत असू. रोखीत भाव चांगला मिळतो. त्या वर्षी ३ लाख बयान्यात गेलेले. माल उधारीवर घ्यावा लागला, महाग पडला, आणि चांगल्या डिझाइनचे गठ्ठे रोख देणाऱ्यांनी आधीच उचलले होते.

हिशेब साधा आहे. समजा तुमचा माल वर्षातून तीनदा फिरतो आणि दर फेरीस खर्च जाता शेकडा ८ रुपये उरतात. म्हणजे वर्षाला शेकडा २४. ३ लाखांवर वर्षाचे ७२ हजार, चौदा महिन्यांचे ८४ हजार. कागदावर लिहिलेली किंमत ९ लाख, वर दिलेले ५० हजार, आणि कोठेही न लिहिलेले हे ८४ हजार. या शेवटच्या रकमेची पावती कोणी देत नाही, म्हणून ती नुकसानीत धरली जात नाही एवढेच.

उचलीला तारीख असते, बयान्याला का नाही?

आपल्या भागातून, जामखेड, आष्टी, पाटोद्याकडून, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीची कुटुंबे कारखान्यांवर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल घेतली की हंगाम सुरू होताच गाडीत बसावे लागते, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असते. त्या उचलीत गरिबाचे किती हाल होतात तो वेगळा विषय आहे. आमचे म्हणणे एवढेच की आगाऊ पैसा म्हणजे तारीख, ही गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. मग १६ लाखांच्या घराचा आगाऊ पैसा देताना आपण तारीख का विचारत नाही?

इंग्लंडमध्ये घर विकणाऱ्याला पुढचे घर घ्यायचे असते, त्या पुढच्याला आणखी पुढचे. या साखळीत तेथील लोकही महिनोन्महिने अडकतात. पण तेथे दोन्ही बाजूंच्या कराराच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधला जात नाही आणि बयान्याची मुख्य रक्कमही साधारणतः त्याच वेळी दिली जाते. ताब्याचा दिवसही तेव्हाच ठरतो. म्हणजे त्यांची वाट पाहणे पैसे देण्याच्या आधी असते. आपल्याकडे पैसे पहिल्या दिवशी जातात आणि वाट पाहणे नंतर सुरू होते. म्हणून आपल्याला तारखेची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

विकणारा का थांबतो, हे आधी ओळखा

'घर मिळाले नाही' हे उत्तर एकच असले तरी कारणे वेगवेगळी असतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिले कारण खरोखर घर न मिळणे. आपल्या लोकांना घर बघताना मशीद जवळ हवी, मुलांची उर्दू शाळा जवळ हवी, नातलग जवळ हवेत. काही वस्त्यांत आपल्याला घर देण्याची टाळाटाळही होते. कारागिराला पुढे मशीन ठेवायला जागा हवी. त्यामुळे शोध लांबतो. अशा माणसाला मदत करावी, त्याच्याशी भांडू नये.

दुसरे कारण पैशाचे. पुढच्या घरासाठी त्याला आधी पैसे हवेत, आणि तुम्ही उरलेले पैसे ताबा मिळाल्यावर देणार. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. हा पेच पैसे टप्प्याने देऊन सुटतो.

तिसरे कारण भावाचे. तो थांबतो, कारण गावात भाव चढत आहेत.

चौथे कारण वारसांचे, आणि हे आपल्या समाजात फार आढळते. घर वडिलांच्या नावावरचे, वडील वारलेले, व्यवहार एका भावाने ठरवलेला. शरीअतप्रमाणे मालकाचा मृत्यू होताच पत्नी, मुलगे, मुली सर्वांचा हिस्सा ठरतो. पत्नीला, मुले असतील तर, आठवा हिस्सा. मुलीला मुलाच्या निम्मा. बहिणीने सही केली नाही तर तिचा हिस्सा विकलाच जात नाही. वारसांत कोणी अज्ञान असेल तर त्याच्या हिश्श्याची विक्री आई किंवा चुलता आपल्या सहीने करू शकत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. बहिणीची सही बाकी असलेला भाऊ ही गोष्ट सांगत नाही. तो सांगतो, 'घर बघतो आहे.'

म्हणून बयाना देण्याच्या आधी मिळकत पत्रिका किंवा सातबारा, नगरपरिषदेचा कर आकारणीचा उतारा, आणि सर्व वारसांची नावे पाहून घ्या. सगळ्या वारसांना पावतीवर सही करायला सांगा. जो वारस आज सही करत नाही, तो वर्षभराने करील असे समजू नका.

कायदा काय म्हणतो

आम्ही वकील नाही. पण धक्के खाऊन आणि जाणकारांना विचारून जे समजले ते सांगतो.

१. बयाना दिल्याने घर तुमचे होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे विक्रीचा नुसता करार मालमत्तेत हक्क निर्माण करत नाही. मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेच येते. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, तुम्ही स्वतः विनाकारण व्यवहार मोडला नसेल तर, दिलेल्या रकमेपुरता तुमचा बोजा त्या मिळकतीवर राहतो.

२. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीपुढे सही झाली याचा तो दाखला असतो. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेले साठेखत सूची क्रमांक २ मध्ये दिसते. मग तेच घर तिसऱ्याने घेतले तर 'मला माहीत नव्हते' असे त्याला म्हणता येत नाही. नोंद नसेल तर अजाणतेपणी पैसे मोजून घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, आणि तुम्ही बाजूला राहता. साठेखताबरोबर किंवा त्याआधी ताबाही मिळणार असेल तर नोंदणी हवीच. २४ सप्टेंबर २००१ पासून, करार नोंदलेला नसेल तर कलम ५३-अ खाली ताब्याचे संरक्षण मिळत नाही.

३. वेळेबाबत एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. चांद राणी विरुद्ध कमल राणी हा दिल्लीचा खटला. १९७१ साली घराचा व्यवहार १ लाख ७८ हजारांना ठरला. ३० हजार बयाना दिला. ९८ हजार 'दहा दिवसांतच' द्यायचे आणि ५० हजार खरेदीखताच्या वेळी, असे कागदावर लिहिले. मधली रक्कम दहा दिवसांत दिली गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर १९९२ मध्ये निकाल दिला. स्थावराच्या व्यवहारात वेळ हा कराराचा गाभा आहे असे सहसा मानले जात नाही. पण करारातील शब्द, मालमत्तेचे स्वरूप व परिस्थिती यांवरून तसे ठरू शकते, असे न्यायालयाने सांगितले. या खटल्यात 'दहा दिवसांतच' या शब्दांना न्यायालयाने महत्त्व दिले आणि खरेदीदार हरला. त्याचा धडा दोन्हीकडून घ्यावा. तारीख लिहिली, आणि 'वेळ हा या कराराचा गाभा आहे' असे लिहिले, तर ती घेणाऱ्यालाही बांधते आणि देणाऱ्यालाही. तारीखच लिहिली नाही तर न्यायालयालाही धरायला काही राहत नाही.

४. दाव्याची मुदत तीन वर्षे. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे तुम्हाला कळल्यापासून तीन वर्षे मोजतात. 'घर मिळाले की' हा नकार नव्हे आणि होकारही नव्हे. नकार कधी झाला यावरच मग वाद चालतो.

५. करार पुरा करून मागण्याचा मार्ग विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये आहे. वकील मंडळी त्याला स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट म्हणतात. १ ऑक्टोबर २०१८ पासून त्यात बदल झाला. करार पुरा करायला लावणे पूर्वी न्यायालयाच्या मर्जीवर होते. आता कायद्यातील अपवाद वगळता तो हुकूम देणे हा नियम झाला आहे. पण खरेदीदार प्रथमपासून तयार होता हे सिद्ध करावे लागते. तयार म्हणजे तोंडाने नव्हे. उरलेले पैसे उभे करण्याची ऐपत दाखवता आली पाहिजे. थांबण्याच्या काळात बँकेचे पासबुक रिकामे करून ठेवू नका, आणि 'आम्ही तयार आहोत' असे एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा.

६. बयाना आणि किमतीचा हप्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या खटल्यात खरेदीदाराने आधी १ हजार बयाना आणि मग २४ हजार दिले होते. व्यवहार मोडल्यावर विकणाऱ्याने सगळे २५ हजार जप्त केले. सर्वोच्च न्यायालयाने १ हजारांची जप्ती मान्य केली, २४ हजारांची नाही. दंडाच्या कलमातही न्यायालय वाजवी भरपाईच देते, लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. म्हणून बयाना लहान ठेवा आणि पुढच्या रकमेला कागदावर 'किमतीपैकी भाग' असेच म्हणा.

७. रोखीचा मोह टाळा. २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्यावर रकमेइतका होऊ शकतो. चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतून पैसे पाठवावेत. तोच उद्याचा पुरावा असतो.

तीन मार्ग

विकणाऱ्याला खरोखर वेळ हवा असेल तर तो द्यावा. पण पुढील तीनपैकी एका मार्गाने द्यावा.

पहिला मार्ग, टप्प्यांचे साठेखत. बयाना थोडा द्यावा. ताब्याची शेवटची तारीख लिहावी, समजा सहा महिने. मधली मोठी रक्कम विकणाऱ्याने पुढचे घर ठरवले त्या दिवशी द्यावी, आणि शक्य तर त्याच्या लेखी सांगण्यावरून थेट त्या पुढच्या घरमालकाच्या नावाने ड्राफ्ट काढावा. पैसा भलतीकडे खर्च होत नाही आणि त्याचे घर पक्के होते. दोन्ही खरेदीखते एकाच दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात पाठोपाठ लावता येतात. सकाळी आमचे, दुपारी त्याचे. दोन-तीन वेळा आम्ही असे होताना पाहिले आहे.

दुसरा मार्ग, खरेदीखत आज आणि घर काही महिन्यांनी खाली. यात तुम्ही मालक होता आणि जुना मालक ठरावीक महिने परवानगीने राहतो. अमेरिकेतही विकणारा विक्रीनंतर थोडे दिवस भाड्याने राहतो, अशी पद्धत आहे. आपल्याकडे हे तोंडी करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकावर, म्हणजे आता तुमच्यावर, असते. हा कायदा लागू आहे तेथे लायसन्सची मुदत संपूनही घर सोडले नाही तर दुप्पट दराने भरपाईची तरतूद आहे. किमतीपैकी काही रक्कम चावी मिळेपर्यंत राखून ठेवावी आणि ती किती व का राखली हे खरेदीखतातच लिहावे.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा, आणि लोक त्याचाच विचार करत नाहीत. विकणाऱ्याने तात्पुरते भाड्याने राहावे आणि भाड्याचा भार घेणाऱ्याने उचलावा. वरचा हिशेब पुन्हा पाहा. आमचे चौदा महिन्यांत ८४ हजार गेले. त्या वेळी काकांना महिना ३ हजारांचे घर सहा महिने घेऊन दिले असते तर १८ हजार लागले असते. वर सामान हलवण्याचा टेम्पोही आम्ही केला असता, तरी आम्ही नफ्यात राहिलो असतो.

विकणारा म्हणेल, 'घर विकून पैसे हातात आले आणि घर मिळाले नाही तर आयकर लागेल.' ही भीती बरीचशी गैरसमजाची आहे. राहते घर दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असेल, तर ते विकून झालेला नफा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात घातला की त्यावर सूट मिळते. विक्रीच्या आधी एक वर्षात घेतलेले घरही चालते. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नाहीत तर ते बँकेत 'कॅपिटल गेन्स' खात्यात ठेवता येतात. म्हणजे त्याच्याकडे घाई न करता शोधायला वेळ आहे. तो वेळ त्याने तुमच्या घरात बसून काढलाच पाहिजे असे नाही.

कागदावर काय लिहावे

ताब्याची शेवटची तारीख, दिनांक, महिना, वर्ष घालून. 'घर मिळाल्यानंतर' हे शब्द ठेवायचे असतील तर पुढे 'किंवा अमुक तारखेस, यांपैकी जे आधी होईल ते' हे जोडावे.

तारीख उलटल्यास महिन्याला किती भरपाई. आकडा वाजवी ठेवावा, गावातील भाड्याच्या आसपास.

मुदतवाढ एकदाच, किती दिवसांची, आणि ती लेखीच असेल.

या काळात भाव वाढला अगर उतरला तरी किंमत तीच राहील.

ठरलेल्या दिवशी घर मिळाले नाही तर घेणाऱ्याने व्यवहार मोडावा की चालू ठेवावा हे त्याच्या इच्छेवर. मोडल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल.

घरपट्टी, नळपट्टी, लाईट बिल ताब्याच्या दिवसापर्यंत कोणाचे.

सर्व वारसांच्या सह्या. वाट पाहण्याच्या काळात विकणारा अल्लाहला प्यारा झाला तर करार वारसांवर बंधनकारक राहतो हे खरे, पण तेव्हा एका सहीच्या जागी सात सह्या गोळा कराव्या लागतात.

साठेखतात ताबाही देणार असाल तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते. ते पुढे खरेदीखतात वजा मिळते. आणि कोणत्याही दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी हजर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने, पण दंड भरून.

आम्ही विकणारे झालो तेव्हा

आतापर्यंत आम्ही घेणाऱ्याच्या बाजूने लिहिले. एक गोष्ट लपवणे बरे नाही. पुढे आमच्यावर जुने घर विकण्याची वेळ आली. घेणारा बांगड्यांचा धंदा करणारा तरुण होता. घरात बायको बाळंत व्हायची होती. आणि आम्ही त्याला तेच वाक्य म्हणालो, जे काका आम्हाला म्हणत असत. "बेटा, थोडे थांब, घर बघतो आहे."

तीन महिने आम्ही घरे पाहिली. एकात ऊन येत नाही, एकाची गल्ली अरुंद. खरे सांगायचे तर वडिलांनी बांधलेल्या घरातून पाय निघत नव्हता. घर न सापडणे हे निमित्त होते. तेव्हा काका आम्हाला समजले.

शेवटी आमच्या घरातूनच आम्हाला विचारले गेले, "त्या मुलाला तुम्ही तारीख का देत नाही?" आम्ही तारीख दिली. घर मिळाले नाही, तरी तारखेला दोन खोल्या भाड्याने घेऊन निघालो. पाच महिने त्या दोन खोल्यांत काढले. कापडाचे गठ्ठे भिंतीला लावून झोपलो. त्रास झाला, पण आमच्या शब्दापायी दुसऱ्याचे घर अडले नाही. पुढे घर मिळाले ते आधी पाहिलेल्या सगळ्यांपेक्षा बरे होते. हातात रोख रक्कम आणि डोक्यावर घाई नसलेल्या माणसाला भाव चांगला मिळतो, हेही तेव्हाच कळले.

जो कागद होऊन गेला त्याचे काय?

वेल्डिंगवाल्या तरुणाला आम्ही कोर्टात जा असे सांगितले नाही. नोटीसही लगेच नको म्हणालो. जुनी पावती तशीच राहू द्यावी आणि दोघांनी मिळून तिला जोडून नवा साठेखताचा कागद करावा, असे सुचवले. त्यात तारीख घालावी, भावंडांच्या सह्या घ्याव्यात, आणि तो नोंदवावा. घरमालक भाड्याने राहायला तयार असेल तर सहा महिन्यांचे भाडे याने द्यावे. एवढे सांगूनही समोरचा तारीख देत नसेल, तर घर मिळत नाही हे खरे कारण नाही असे समजून वकिलाकडे जावे, आणि तीन वर्षांच्या मुदतीची वाट पाहत बसू नये.

मागच्या आठवड्यात तो पुन्हा आला. घरमालकाला दोन बहिणी आहेत आणि त्यांपैकी एकीला व्यवहाराची पूर्ण माहितीच नव्हती, असे निघाले. तिची समजूत घालण्याचे काम आता चालू आहे. म्हणजे आठ महिने जो घराचा शोध चालला होता, त्यात निम्मा शोध बहिणीच्या सहीचा होता. तारीख मागितली नसती तर हे आणखी वर्षभर कळले नसते.

आमचे आपल्या बांधवांना सांगणे एवढेच आहे. विकणाऱ्याला वेळ द्या, तो आपलाच माणूस आहे आणि घर सोडणे कोणालाही सोपे नसते. पण त्या वेळेला शेवट असू द्या, आणि तो शेवट कागदावर असू द्या. दुकानात आपण वारभर कापड दिले तरी पावतीवर तारीख घालतो. जन्मभराच्या कमाईच्या घराला ती घालायला लाजू नये.